आपला समय जाणणारे पक्षी

(यिर्मया 8:7, मत्तय 6:26)



आश्विन-कार्तिक लागला, म्हणजे शेताच्या बांधावर व नदीकाठी शेपटी वरखाली हलवीत धावणारा धोबी पक्षी आपल्या दृष्टीस पडतो. त्याचे वजन अवघे दोन तोळ्यांच्या आसपास. तरी उत्तरेकडील थंड मुलखातून तो दरसाल ह्याच ऋतूत येतो व उन्हाळा लागता परततो. त्यास पंचांग कोणी वाचून दाखविले? यिर्मया संदेष्ट्याने अशाच पाखरांकडे बोट दाखवून, नेमिलेली वेळ विसरलेल्या आपल्या लोकांस लाजविले.

नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर येथे बंधारा आहे. तो शेतीच्या पाण्याकरिता बांधिला, पाखरांकरिता नव्हे. परंतु गाळ साचून उथळ पाणी व बेटे झाली, आणि चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे तेथे हिवाळ्यास उतरू लागले. 1986 साली ते अभयारण्य झाले. 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झाले.

तेथे पक्षी पाहावयास जाणाऱ्यांस वाटाड्या सोबत घेता येतो. त्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. तो सकाळीच निघतो, भडक वस्त्रे नकोत म्हणतो, बोलणे थांबवितो. प्रथम लोकांस नुसता चिखल दिसतो. वाटाड्या टाळी वाजवून पाखरू उडवीत नाही; तो माणसास स्थिर उभे करितो. मग त्याच चिखलात एक, दोन, दहा पाखरे दिसू लागतात. उपदेशक बंधूंनो, आपले कामही असेच नव्हे काय? आरडाओरडीने कोणाचे डोळे उघडत नाहीत.

परंतु पाहून घरी परतणे एवढ्याने भागत नाही. पाहुणा वेळेवर आला. यजमानाचे घर तयार आहे काय? फवारणीचा पंप आपण ओढ्यात धुतो, मुलांच्या हाती गलोल देतो, आणि रविवारी देवाच्या पालनपोषणाची गीते गातो! ज्या प्रभूने आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले, त्याने ती नेम धरण्याकरिता दाखविली नाहीत. पिता ज्यांस खावयास घालितो, त्यांच्या ताटात आपण विष कालवावे काय?

म्हणून ह्या ऋतूत मुलांस घेऊन पाण्याकाठी जा, व घटकाभर मुकाट्याने उभे राहा. औषधाचे पाणी ओढ्यापासून दूर ठेवा. पाखरू आपला समय चुकले नाही. आपणही आपला चुकू नये, अशी कृपा प्रभू आपणा सर्वांस देवो. आमेन.