व्हाउचरवर सही कोणाची?

बँकेत बावीस वर्षे काढली की माणसाला सिनेमासुद्धा धडपणे पाहता येत नाही. लोक नायकाच्या डोळ्यांतले पाणी पाहतात; आम्ही पाहतो, रक्कम कुठल्या खात्यातून कुठे गेली. मी बी.कॉम., तेही सेकंड क्लास. नीतिशास्त्र आम्हाला नव्हते. पण परवा रविवारी दुपारी आमच्या घरात नीतिशास्त्राचा जो प्रश्न निघाला, तो आमच्या हेड ऑफिसलाही सुटायचा नाही.

झाले असे, की मटकीची उसळ अंगावर आली होती आणि कन्येने टीव्हीवर ‘कुंकू’ लावून दिला. ‘प्रभात’चा, १९३७ सालचा, शांतारामबापूंचा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून काढलेला. नीरा नावाच्या तरुण मुलीचे लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात. ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शेवटी काकासाहेबांचे डोळे उघडतात, आणि तिला मोकळे करण्यासाठी ते स्वतःचा जीव देतात. शांता आपटे आणि केशवराव दाते. पार्श्वसंगीत नाही. तरीसुद्धा मी शेवटी उपरण्याने नाक पुसत म्हणालो, “केवढा हा त्याग!”

आमची ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तिला विचारलं होतं का?”

“कुणाला?”

“नीराला. लग्न लावताना विचारलं नाही, आणि मोकळं करतानाही नाही.”

मी काकासाहेबांचे वकीलपत्र घेतले. म्हटले, “अगं, काळ बघ. विधवेचा पुनर्विवाह १८५६ पासून कायदेशीर, पण मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं. काडीमोडीची चाल ज्यांच्यात नव्हती, त्यांच्यात बायकोला मोकळी करायची म्हणजे विधवा करायची. दुसरी वाट कुठली?”

“हेच तिच्यापाशी बसून बोलायचं. वकील ना ते? पक्षकाराशी चकार शब्द न बोलता निकाल लावून मोकळे झाले!” आणि मेथीच्या काड्या गोळा करून ती आत गेली.

वाचकहो, मी मात्र तिथेच अडकलो. आमच्याकडे खात्यातून पैसे काढायचे तर खातेदाराची सही लागते. भरायचे तर लागत नाही. तुमच्या खात्यात कुणीही भरावेत, तुम्ही रागावत नाही. त्याग करणाऱ्याला वाटते, मी माझे खाते डेबिट केले, तिचे क्रेडिट केले, तिच्या सहीचे कामच काय? पण नीराच्या पदरात जे पडले ती ठेव नव्हती, ते कर्ज होते. एका माणसाच्या जिवाचे, जन्मभर फेडायचे. आणि कर्जाच्या कागदावर घेणाऱ्याची सही लागतेच. त्याशिवाय आमच्याकडे चहाच्या कपाएवढेही कर्ज मिळत नाही.

हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला सगळे जुने सिनेमे नापास दिसायला लागले. ‘संगम’ घ्या, १९६४चा. दोन मित्र एक मुलगी एकमेकांना देऊ करतात, जशी काही लोकलमधली चौथी सीट. सिनेमा जवळजवळ चार तासांचा, मध्यंतरे दोन. त्यांपैकी एकातही तिला विचारून येण्याएवढी फुरसत मिळाली नाही. ‘कासाब्लांका’ (१९४२) जरा बरा. तिथे निदान इल्साच रिकला सांगते, की दोघांच्या वतीने तूच काय ते ठरव. म्हणजे मुखत्यारपत्र आहे. पण ते राहण्यासाठी दिलेले. गड्याने ते वापरले तिला विमानात बसवून नवऱ्याबरोबर पाठवण्यासाठी. तरी रिक मला आवडतो. तिथे लढाई चालू होती, आणि तो तिला समोर उभी करून कारण तरी सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, विचारून कधी त्याग होतो का? “तुझ्यासाठी मी माझे सुख सोडू का?” असे विचारले तर भला माणूस “नको” म्हणणार आणि तसाच नसेल तर “कधीपासून?” म्हणणार. हा मुद्दा मी रात्री जेवताना मांडला. बिनतोड आहे असे मला वाटत होते.

ही म्हणाली, “रत्नागिरी.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

बारा वर्षांपूर्वी मला ऑफिसरची बढती आली होती. बदली रत्नागिरीला. आईचे गुडघे, मुलीची शाळा, हिच्या शिकवण्या, असा सगळा विचार करून मी बँकेतच नकार लिहून दिला आणि घरी येऊन पानावर बसल्यावर सांगितले, “तुमच्यासाठी सोडून दिली.” तिघींनी ऐकून घेतले. आई फक्त “बरं” म्हणाली. पुढची बारा वर्षे मी त्या नकाराचे व्याज खातो आहे. भाजी खारट झाली, की रत्नागिरी. मुलीला गणितात कमी पडले, की रत्नागिरी.

“मला समुद्र आवडला असता,” ही म्हणाली. “शिकवण्या काय, तिथेही मिळाल्या असत्या. आणि आईंचं माहेर तिथून तासाभरावर.”

“आई कधी बोलली नाही.”

“तुम्हाला नाही बोलल्या. मला बोलल्या, शेवटच्या आजारात. लहानपणच्या विहिरीबद्दल बोलत होत्या. म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, त्याने आपल्यासाठी सोडलंय.”

आईला जाऊन दोन वर्षे झाली. हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. जेवण तसेच टाकून उठलो आणि बाल्कनीत जाऊन खूप वेळ समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत राहिलो.

खरे सांगायचे तर आणखी एक गोष्ट आहे, आणि तीही आता लपवण्यात अर्थ नाही. ऑफिसर झाले की किल्ल्या आल्या, कर्जाच्या फायली आल्या, चौकशीत आपले नाव आले. मला त्याची भीती वाटत होती. आईचे गुडघे मला फार वेळेवर सापडले. काकासाहेबांच्या त्यागात असली भेसळ नव्हती, एवढे त्यांच्या बाजूने म्हणायला हवे.

गेल्या सोमवारी बढतीचे सर्क्युलर पुन्हा आले. या वेळी मी ते घडी घालून घरी आणले आणि चहाच्या कपाशेजारी ठेवले. बोललो काही नाही. हिने चष्मा लावून दोन्ही पाने वाचली, मग मुलीला वाचायला दिले. मुलगी यंदा बारावीला. तिने विचारले, “बाबा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” हा प्रश्न मला घरात कुणी कधी विचारला नव्हता, मला उत्तर आले नाही.

सर्क्युलर सध्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे. येता-जाता ही त्याच्याकडे बघते. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार आहे.