नैरोबीहून गावाकडे

नैरोबीत राबणारा मजूर पूर्वी घरी पैसे कसे पाठवायचा? बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट द्यायचं, नाहीतर गावी निघालेल्या ओळखीच्या माणसाला गाठायचं. पाकीट पोचेपर्यंत जिवाला घोर. २००७ साली केनियात फोनवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सोय सुरू झाली. तिला ना स्मार्टफोन लागत होता, ना बँकेचं खातं. साध्या बटणांच्या फोनवरून संदेश गेला, की गावातल्या टपरीवरचा एजंट आईच्या हातावर नोटा मोजायचा. मला ही टपरी फार मोलाची वाटते. यंत्राच्या टोकाला ओळखीचा माणूस होता, म्हणून लोकांचा विश्वास बसला.

तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, या सोयीमुळे केनियातली सुमारे २ टक्के कुटुंबं गरिबीतून वर आली आणि जवळपास १,८५,००० स्त्रिया शेतीकडून छोट्या धंद्याकडे वळल्या. आपला पैसा आपल्या पिनमागे सुरक्षित राहिला, की बाईच्या शब्दाला घरात वजन येतं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे त्याच फोनवर झटपट कर्जंही आली. कित्येक जण हप्त्यांत अडकले. अशी कर्जं देणाऱ्यांना परवान्याची सक्ती व्हायला मात्र २०२२ साल उजाडलं.