जलदान : पुण्य की ऋण?

वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे आपल्या आखाजीस, पाचोऱ्याच्या पंचक्रोशीत घरोघरी पितरांच्या नावे मातीची घागर भरून पूजिली जाते आणि तिच्यावर लोटा, डांगर व सांजोरी ठेविली जाते. पण अवर्षणाच्या साली याच दिवसांत हिवरा नदीच्या कोरड्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरणारी बाई माहेरपणास आलेली लेकच असते. मृतांच्या तृषेची इतकी चिंता वाहणाऱ्या समाजाने जिवंतांची तृषा प्रारब्धाच्या खाती का टाकावी?

प्रारब्धाची ही समजूत किती पोकळ आहे, हे नारूच्या रोगाने दाखविले. रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभा राही, त्याच्या पायातील कृमी तेथे आपली पिले सोडी, ती सूक्ष्म जलकीटकांच्या पोटी जात, आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने हात-दोन हात लांबीचा कृमी कातडी फोडून बाहेर पडे, जो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळीत काढावा लागे. पिढ्यान्‌पिढ्या भोग म्हणून सोसलेली ही यातना पाणी फडक्याने गाळल्याने, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्याने आणि हातपंप बसविल्याने संपली. 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. जे मनुष्याच्या यत्नाने टळते, त्यास दैव म्हणणे हा दैवाचाही अपमान होय.

मग पाणी देणे हे पुण्य की ऋण? पाणपोई घालणारा वंदनीय खरा; परंतु दानात दात्याची मर्जी उरते आणि घेणाऱ्याची मान लवते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते कोणाचे दान म्हणून नव्हे, मनुष्यत्वाचा हक्क म्हणून. आणि सार्वजनिक विहिरी-तलावांवरील हा हक्क पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दाखल झाला. ज्याचा हक्क आहे त्यास ते पोहोचविणे ही ऋणफेड होय.

या ऋणफेडीचे फळ प्रत्यक्ष आहे : दारी शुद्ध पाण्याचा नळ आला की हंड्यामागे जाणारी मुलीची सकाळ शाळेस मिळते, तान्ह्याची हगवण हटते, आणि बाईस दिवसाकाठी घटकाभर विसावा लाभतो. म्हणून प्रत्येक गावकऱ्याने पाणीपट्टी वेळेवर भरावी, आणि पाण्याची टाकी केव्हा धुतली, तीत टीसीएल ही जंतुनाशक पूड केव्हा मिसळली, याची ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नोंद ग्रामसभेत उभे राहून मागावी; हेही धर्माचरणच आहे.