घरट्यातली आई आणि दर्यातलं पिल्लू

आजचे वाचन: अनुवाद 22:6-7



अनुवादाच्या या अध्यायात नियमांची नुसती गर्दी आहे. भावाचा चुकलेला बैल त्याच्याकडे परत ने, छताला कठडा बांध, आणि या सगळ्यात मध्येच दोन वचनं पक्ष्याच्या घरट्याची. वाटेत घरटं सापडलं आणि आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर सगळ्यांना एकदम उचलायचं नाही. पिल्लं घ्यायची मुभा आहे, आईला मात्र जाऊ द्यायचं. यहूदी गुरुजन हिला हलकी आज्ञा म्हणत. खर्च जवळजवळ काहीच नाही, हात थोडा आवरायचा एवढंच. पण तिच्यासोबतचं अभिवचन बघा, भल्याचं आणि दीर्घ आयुष्याचं. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही हेच अभिवचन जोडलेलं आहे (अनुवाद 5:16). एवढ्याशा घरट्याला देवाने केवढ्या मोठ्या आज्ञेशेजारी बसवलंय!

हे वचन वाचताना मला माशांचा वाद आठवला. 2021 मध्ये ‘सीस्पिरसी’ हा माहितीपट आला, तेव्हापासून आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर तो अधूनमधून पेटतोच. एक बाजू म्हणते, समुद्र रिकामा होतोय, मासे खाणं बंद करा. दुसरी म्हणते, मग कोळ्यानं खायचं काय? आता आमच्या तरुण संघातही कोणीतरी विचारलं, “दादा, ख्रिस्ती माणसानं मासे सोडावेत का?”

सोडा असं मला पवित्र शास्त्रातून सांगता येणार नाही. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर शिष्यांसाठी निखाऱ्यावर मासळी भाजून ठेवली होती (योहान 21). आणि कोणी दर्याची काळजी वाटून मासे सोडले असतील, तर त्याची थट्टा करायचा हक्कही आपल्याला नाही. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला, दोघांनाही गप्प करतो. पण घरट्याचं वचन आणखी एक प्रश्न विचारतं, आणि तो टेबलावर क्वचितच निघतो: घेतोस ते घे, पण मागे काय ठेवतोस?

पापलेटचंच बघू. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलीमीटर आहे, म्हणजे बॉलपेनापेक्षा जरा कमीच. त्याहून लहान पापलेट धरायचं नाही, कारण त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. सातपाटीकडे या पिल्लाला भिला म्हणतात. इथे घरट्याचा नियम उलटा होतो. पक्ष्यात आई वाचवायची, दर्यात पिल्लू. हेतू मात्र तोच, की वंश तुटू नये. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये राज्याची सागरी मासळी 2.01 लाख टनांवर आली, 45 वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनी बोटी बऱ्याच दिवस किनाऱ्यावर बसवल्या हे खरं, पण सगळा दोष वादळांवर टाकता येत नाही.

आपण नगरकर. समुद्र आपल्यापासून लांब, आपल्याकडे मासळी येते ती बर्फात. पण ही गोष्ट आपल्याला कळायला हवी, कारण दुष्काळात पोट मारूनही बियाण्याची ज्वारी न दळणारी माणसं आपल्याच घरांत होऊन गेली. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली आणि उघड्या डोंगरावर गवत आलं. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी ही दर्यातली चराईबंदीच आहे.

फरक एकच आहे, आणि तो फार जड आहे. हिवरे बाजारची शीव ठरलेली. शेळी कोणाची, डोंगर कोणाचा, हे ग्रामसभेला ठाऊक. दर्याला कुठली आलीय शीव? पारंपरिक कोळ्याने भिला सोडला तर तो उद्या ट्रॉलरच्या जाळ्यात जाणार. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. डिझेल आणि बर्फाचे पैसे अंगावर असताना एकट्यानेच हात आवरायचा, हे ऑफिसात बसून सांगायला फार सोपं आहे. शिवाय ट्रॉलच्या जाळ्यातून वर आलेलं पिल्लू बहुतेकदा मेलेलंच असतं, ते परत टाकून काय उपयोग? वाचवायचं तर जाळ्याचे डोळेच मोठे हवेत. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हॅलिडेशन आधी हवं, डेटाबेसमध्ये कचरा गेल्यावर नाही.

म्हणून ही आज्ञा फक्त कोळ्याच्या गळ्यात अडकवू नका. भिला धरला जातो कारण तो विकला जातो, आणि विकत घेणारे आपण. ताटात अख्खा मावतो, स्वस्त पडतो! रविवारी उपासनेनंतर बाजारात जाल तेव्हा तळहातात मावणारं पापलेट परत ठेवा. मोठं परवडत नसेल तर त्या दिवशी बांगडा घ्या. योहान लिहितो की त्या सकाळी जाळ्यात 153 मोठे मासे होते. मोठे! यावरून कोणी सिद्धांत काढू नये, मला आपलं ते वाचून बरं वाटतं.

आणि हेही ऐका. डिसेंबर 2018 पासून आपल्या राज्यात, जाळ्यात अडकलेलं समुद्री कासव किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव सोडवायला मच्छीमाराने जाळं कापलं, तर त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. भर समुद्रात, ज्या जाळ्यावर घर चालतं त्याच जाळ्यावर सुरी चालवायची. पैसे नंतर येतात, सुरी आधी. घरट्यावरून हात मागे घेणं म्हणजे काय, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळलेलं आहे.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, 1 ऑगस्टला दर्यात होड्या लोटणाऱ्यांना सांभाळ. त्यांच्या जाळ्यांत भरपूर दे, मोठं दे. बाजारात आमचे हात आवर. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्याचे वाचन: अनुवाद 22:8, छताचा कठडा.