उशिरा आलेला उत्तरपट आणि चाहत्याचा हक्क

लोकप्रिय साहसपटाच्या चाहत्याची निराशा ही समीक्षेने दखल घेण्याजोगी गोष्ट नव्हे, असा एक समज आहे. तो सोयीचा असला तरी बरोबर नाही. एखाद्या कथेवर कोणी चाळीस वर्षे प्रेम केले आणि तिचे पुढचे पान दुसऱ्याने लिहिले, तर त्या पानाविषयी प्रेम करणाऱ्याचा काही नैतिक दावा उरतो काय? ‘इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी’ (२०२३) या चित्रपटाने हा प्रश्न विशेष टोकदार केला.

१९८१ साली ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ने सुरू झालेली ही मालिका १९८९च्या तिसऱ्या चित्रपटात, पितापुत्रांच्या मावळतीकडे दौडत जाण्याने, संपली असे चाहत्याने मानले होते. २००८च्या चौथ्या चित्रपटाने त्या शेवटाला विवाहाची पुरवणी जोडली. पाचव्यात, १९६९च्या न्यूयॉर्कमध्ये, जोन्सचा मुलगा व्हिएतनाम युद्धात मरण पावलेला आहे, संसार मोडकळीला आला आहे आणि प्राध्यापकी संपत आहे. हॅरिसन फोर्ड तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. चाहत्याची तक्रार चित्रपट फसल्याची नसतेच. दिलेले परत घेतले गेले, अशी ती असते. १९८९च्या चित्रपटाची एकही चौकट बदललेली नाही, हे उत्तर येथे अपुरे पडते. चौकटी त्याच असल्या तरी शेवट आता मध्य झाला आहे. शेवट म्हणजे एखादे दृश्य नव्हे, त्यानंतर काही नाही ही हमी होय. आणि ती हमी कोणी लेखी दिलेली नव्हती.

पण चाहताही निर्दोष नाही. शेवट अभंग राहावा असे म्हणणारा तोच, आणखी एक कथा हवी म्हणून एकोणीस वर्षे वाट पाहणाराही तोच. त्याला नायक परत हवा होता, त्याचे वय मात्र नको होते. १९४४मध्ये घडणाऱ्या आरंभीच्या प्रसंगात संगणकाच्या साहाय्याने ही मागणी पुरवली गेली: चेहरा तरुण, आवाज मात्र वृद्धाचा. मागितलेले अक्षरशः हाती आले आणि ते ओळखू येईना. चाहत्याची खरी अस्वस्थता येथे आहे, कथानकातील उणिवांत नाही.

(भारतीय चाहत्याला अशा प्रेमातील वजावट आधीच ठाऊक होती. १९८४च्या ‘टेंपल ऑफ डूम’ला भारत सरकारने परवानगी नाकारली, चित्रीकरण श्रीलंकेत झाले, आणि अमरीश पुरींचा मोलाराम, मेजवानीतले माकडाचे मेंदू हे सारे पाहूनही हा प्रेक्षक जोन्सच्या बाजूने राहिला. त्याचे प्रेम कदाचित म्हणूनच अधिक प्रौढ असावे.)

नायकाचे उतरते वय कथेत आणणे हा काही अपराध नव्हे. मौसलपर्वात आभीरांसमोर अर्जुनाला दिव्यास्त्रे आठवत नाहीत, भाता रिता होतो. त्याने महाभारत उणे होत नाही. परंतु तेथील ऱ्हास कथेच्या गरजेतून येतो. येथे तो कथा पुढे चालवण्याची किंमत म्हणून येतो, अशी शंका घेण्यास जागा आहे.

तरीही चित्रपटाने चाहत्याला एक उत्तर दिले आहे. इ. स. पूर्व २१२मध्ये, वेढा पडलेल्या सिराक्यूज येथे जखमी जोन्स आर्किमिडीजच्या सान्निध्यात राहू देण्याची विनवणी करतो. ज्या भूतकाळाचा आयुष्यभर अभ्यास केला त्यातच विरून जाणे, ही त्याची इच्छा आणि चाहत्याची इच्छा मुळात एकच आहे. त्याची धर्मकन्या हेलेना मुष्टिप्रहाराने त्याला बेशुद्ध करून वर्तमानात परत आणते. ही करुणा मानावी की बळजबरी? मित्राचा जीव वाचवणे म्हणून ती समर्थनीय ठरते. मात्र ज्याला आपला शेवट गवसला आहे त्याला तो नाकारणे, हेच तर मालिकेनेही १९८९पासून केले आहे. हेलेनाला क्षमा करणाऱ्या चाहत्याला निर्मात्यांवरील आरोप तितक्या सहजपणे लावता येत नाही. न्यूयॉर्कच्या घरात मारियन परतते, पहिल्या चित्रपटातील दुखऱ्या जागांचे संभाषण उलट्या भूमिकांत पुन्हा घडते, आणि बाहेर दोरीवर वाळत घातलेली टोपी एक हात झटकन आत ओढून घेतो.