आखूड पायांचा कोंबडा



मरोळपासून गोराईपर्यंत आपल्या गावठाणांत कोंबड्या पाळणे नवे नाही. मात्र काही मुले अंड्यांसाठी नव्हे, तर निव्वळ हौसेखातर बँटम ह्या चिमुकल्या कोंबड्या पाळतात. गेल्या रविवारी मिस्सानंतर एका मुलाने विचारले, “फादर, माझी जपानी बँटम खुडूक होऊन एकवीस दिवस बसली. आठातली दोन अंडी फुटलीच नाहीत. माझं काय चुकलं?”

अंडे न फुटण्याची कारणे अनेक असतात. पण ह्या जातीत एक कारण वंशातच आहे. जपानी बँटमचे डौलदार आखूड पाय एका जनुकामुळे येतात. नर-मादी दोघेही आखूड पायांचे असले, तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाला तो जनुक दोघांकडूनही मिळतो आणि ते अंड्यातच मरते. उरलेल्यांत दोन आखूड पायांची निघतात, एक लांब पायांचे. त्या लांब पायांच्या पिल्लाला प्रदर्शनात मान नसतो.

कुणी म्हणेल, “आपण कोंबडी खातोच की!” खरे आहे. पण पोटाची गरज वेगळी, डोळ्यांची हौस वेगळी. पोट भरले की गरज थांबते. हौसेला मर्यादा आपणच घालावी लागते. प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, असा इशारा संत थॉमस अक्विनास ह्यांनी तेराव्या शतकात दिला. १९९२ चा आपला धर्मशिक्षणग्रंथ आणखी पुढे जातो: प्राणी आपल्या नुसत्या असण्यानेच देवाचा गौरव करतात, म्हणून त्यांना विनाकारण मारणे माणसाला शोभत नाही.

मी त्या मुलाला कोंबड्या सोडून द्यायला सांगितले नाही. देवाच्या निर्मितीत रमणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे. एवढेच म्हटले, “आखूड पायांच्या कोंबड्याबरोबर लांब पायांची मादी ठेव. साधारण निम्मी पिल्ले आखूड पायांची होतील आणि त्या जनुकापायी एकही मरणार नाही.” म्हणजे प्रदर्शनवाले जिला बाजूला काढतात, तिच्यामुळेच पिल्ले वाचतात!

पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा प्रभू येशूने स्वतःला दिली (मत्तय २३:३७). बँटम कोंबडी तर परक्या अंड्यांवरही मायेने बसते. पंखांखाली घेताना ती कुणाच्या पायांची लांबी मोजत नाही. आपण आपल्या मुलांना घरात कशाने मोजतो? ह्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

प्रभूमध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू