उत्तर बरोबर होतं, पण मला ठाऊक होतं का?

2018 साली एका शोधनिबंधाच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'प्रोग्राम मागितल्यास मिळेल.' मध्यंतरी एका विद्यार्थिनीने तो खरंच मागितला. मी फाइल पाठवली. संध्याकाळी तिचा निरोप: "सर, चालत नाहीये."

तिच्याकडे पायथन 3.12 आणि नमपाय 2 होतं. माझ्या फाइलीत जागोजागी 'एनपी.फ्लोट' असं लिहिलेलं. हे नाव डिसेंबर 2022मध्ये, नमपायच्या 1.24 आवृत्तीत, काढून टाकण्यात आलं. तक्रार करायला मला तोंड नव्हतं. त्याआधी जवळपास दोन वर्षं प्रोग्राम चालवला की तशी सूचना यायची. मी काय केलं होतं? सूचना दिसूच नयेत अशी ओळ फाइलीच्या सुरुवातीला टाकली होती.

मग म्हटलं, जुनं नमपायच इन्स्टॉल करावं. पण 2018चं नमपाय पायथन 3.12वर चालत नाही. त्यासाठी पायथनही जुनंच हवं. शिवाय तेव्हा मी नेमकी कुठली आवृत्ती वापरली होती, हे कुठेच नोंदवलेलं नव्हतं.

तोवर तिने ते नाव बदलून प्रोग्राम चालवला. तो बिनतक्रार चालला आणि निबंधातल्यापेक्षा वेगळे आकडे देऊन मोकळा झाला.

शोधल्यावर कारण सापडलं. वेळ मोजणारा आकडा मी 32 बिटांचा ठेवला होता आणि त्यात दर फेरीला 0.1 मिळवत होतो. जुनं नमपाय अशा बेरजेत तो आकडा गुपचूप 64 बिटांचा करून टाकी. नमपाय 2 (जून 2024) तसं करत नाही. 32 म्हटलं की 32. दहा लाख वेळा 0.1 मिळवून पाहा: 64 बिटांत जवळजवळ नेमके एक लाख येतात, 32 बिटांत सुमारे 1,00,958.

म्हणजे निबंधातलं उत्तर बरोबर होतं. पण ते माझ्या समजेमुळे नव्हे, मला माहीतही नसलेल्या एका सवलतीमुळे. नव्या नियमाने माझं काही बिघडवलं नाही. मी जे लिहिलं होतं तेच त्याने पाळलं.

योगायोगाने बरोबर आलेल्या उत्तराला 'मला हे माहीत आहे' म्हणता येतं का? निबंधाखाली नाव घालताना मी तसं म्हटलं होतंच.

आता मी आवृत्त्यांची यादी फाइलीसोबत देतो. त्याने जुना आकडा पुन्हा काढता येतो. तो का विश्वासार्ह आहे, हे मात्र यादी सांगत नाही. ते मलाच सांगता यायला हवं. बेरजेची ती ओळ दुरुस्त करून मी विद्यार्थिनीला पाठवली आणि चूक कुठे होती तेही लिहिलं. सूचना दडवणारी ओळ आधी खोडली.